चार नंबरची पोच

हे खरं घडलेलं आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं, मी भांडायला येणार नाही. एवढंच सांगते, की बाहेर ऊन रणरणतंय आणि हे लिहिताना माझ्या अंगात दोन स्वेटर आहेत.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही.

गुरुवार होता. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. सगळं जग जेवून सुस्तावलेलं असतं ना, ती वेळ.

जागा... एका कोल्ड स्टोरेजमधली चार नंबरची खोली.

माझा मामा तिथे कॉम्प्रेसर सांभाळतो. सत्तावीस वर्षं झाली. दहा खोल्यांचा गारवा त्याच्या हातात, पण माणूस असा उबदार, की त्याच्या शेजारी बसलं तरी शाल पांघरल्यासारखं वाटतं. एका रविवारी तो आमच्याकडे आला, चहाचा कप हातात तसाच धरून बसला आणि म्हणाला,

"चिमणे, तुमच्या त्या कॉम्प्युटरने माणूस वाचतो का गं?"

मी प्रोग्रामर आहे. हसले. "मामा, आमच्या कॉम्प्युटरने फार तर माणसाचा वेळ वाचतो. तोही कधीकधीच."

तो हसला नाही.

मग त्याने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी चार नंबरच्या खोलीत एक हमाल दगावला होता. सतत काहीतरी गुणगुणायचा, म्हणून सगळे त्याला गुणगुण्या म्हणत. खोके रचता रचता ओव्या जुळवायचा. बर्फावर, वजनावर, मुकादमाच्या ढेरीवर. त्याचीच एक ओळ तिथला नियम होऊन बसली होती. खोलीचं दार लावण्याआधी, लावणाऱ्याने आत तोंड घालून म्हणायचं,

*दार लावतो गड्या, आत राहिलं का कोणी?*

आत कुणी असेल तर त्याने तिथूनच ओरडायचं,

*थांब, आलो रे गड्या, नाकी गोठलंय पाणी!*

सगळे हसायचे आणि दार उघडं राहायचं. उत्तर आलं नाही, तर खोली रिकामी.

"त्या दिवशी कुणी गायलं नाही," मामा म्हणाला. "दार लागलं. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती."

"आत धोक्याचं बटण नव्हतं?"

"होतं की. त्यानं दाबलं ना. दाबूनच धरलं होतं..."

चहावर साय आली होती. मामाने ती बोटाने बाजूला सारली, आणि प्यायलाच नाही.

जुनी पद्धत अशी होती. बटण दाबलं की चौकीतला फोन वाजायचा, पण कुणी उचलेपर्यंत अंगठा काढायचा नाही. आणि लाइन एकच. तिच्यावरूनच दहा खोल्यांचं तापमान जायचं, दारं उघडल्याची नोंद जायची. एक बोलत असला की बाकीचे ताटकळत उभे. त्या दुपारी सात नंबरचं तापमान जाता जाता मध्येच अडकलं, आणि लाइन अडकून राहिली. बटणामागून आवाज येत राहिला, लाइन व्यस्त आहे, लाइन व्यस्त आहे.

गुणगुण्याचा अंगठा बटणावरच सापडला.

म्हणून हे काम आमच्या ऑफिसकडे आलं.

आम्ही पद्धतच बदलली. कुणी कुणासाठी ताटकळायचं नाही. खोलीने आपला निरोप चिठ्ठीसारखा रांगेत टाकायचा, नंबर घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. दुसऱ्या टोकाला आमचा प्रोग्राम. तो चिठ्ठी उचलणार, चौकीचा फोन आणि मामाचा मोबाइल एकदम वाजवणार, मग रांगेला पोच देणार. पोच मिळाली की चिठ्ठी फाडली. नाही मिळाली, तर तीच चिठ्ठी पुन्हा रांगेत. पोच मिळेपर्यंत निरोप मरत नाही... हे मी मामाला समजावलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

ज्या चिठ्ठीचा पत्ताच लागत नाही, ती एका वेगळ्या पेटीत जाऊन पडते. ऑफिसात आम्ही तिला 'बेवारस' म्हणतो.

बटणाच्या पेटीतून एक आवाजही येणार होता. मामाने हट्ट धरला. "मशीनचा नको. आत अडकलेल्याला आपलं माणूस बोलतंय असं वाटलं पाहिजे." म्हणून मी माझ्याच आवाजात, अगदी तापात पोराच्या कपाळावर हात ठेवावा तशा मायेने म्हटलं,

"निरोप मिळाला. घाबरू नका. मदत येत आहे."

सगळं सुरळीत झालं. एक किरकोळ भानगड सोडली, तर.

चौकीतला फोन एकाच निरोपासाठी दोनदोनदा वाजायचा. फोन वाजायला वेळ लागला, की रांगेला वाटायचं पोच आली नाही, आणि ती चिठ्ठी पुन्हा पुढे करायची. वॉचमनकाका वैतागले. "मॅडम, मी काय बहिरा आहे का? एकदा सांगितलं की कळतं मला!" मालकांनी फर्मान काढलं, उद्यापर्यंत हे थांबलं पाहिजे.

मी थांबवलं. एका ओळीत. पोच द्यायची जागा खालून वर नेली. चिठ्ठी उचलली, की आधी पोच, मग फोन. दोनदा वाजणं बंद. सगळे खूश. आमच्या टीम लीडरला सगळे 'दमानं' म्हणतात, कारण दिवसातून चाळीसदा तो तेच म्हणतो. तो तेवढा म्हणाला, "दमानं घे गं. पोच आधी दिलीस आणि फोन लावायच्या आत प्रोग्राम पडला, तर?"

"पडेल कशाला? तू लिहिलाय का तो?" मी म्हटलं.

हशा पिकला. ओळ तशीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून... बेवारस पेटीत एक चिठ्ठी येऊ लागली.

रोज एकच. दुपारी दोन दहाला.

खोली क्रमांक चार. बटण दाबले.

चार नंबर तर बंद होता. तीन वर्षं. बटणाची पेटी आम्ही तिथेही बसवली होती, कारण करार दहा खोल्यांचा. पण तिची वायर नुसती लोंबत होती. खोलीची नोंदच आमच्याकडे नव्हती, म्हणून चिठ्ठी पोचवायची कुठे ते प्रोग्रामला कळत नव्हतं, आणि ती बेवारस पडत होती.

वायर जोडलेली नाही. वीज नाही. मग चिठ्ठी लिहितंय कोण?

"कुठूनतरी गळती असेल," दमानं म्हणाला. चिठ्ठीतली तारीखही चुकीची होती, तीन वर्षांपूर्वीची. वीज नसलेल्या पेटीचं घड्याळ भरकटतं, हे आम्हाला ठाऊक होतं. मी त्या चिठ्ठ्या रोज पुसून टाकायचे. पोळपाटावरचं पीठ झटकावं तशा.

दुसऱ्या दिवशी, दोन दहाला... पुन्हा.

मग मालकांनी चार नंबर सुरू करायचं ठरवलं. तो गुरुवार. सकाळी वायर जोडली, खोली थंड करायला घेतली. दुपारी उणे अठरावर आली. मी खोलीची नोंद केली आणि एकदा आत जाऊन बटण दाबून बघायचं ठरवलं.

मामा बोळात भेटला. "आतून दार ढकलायचा दांडा अजून बसलेला नाही. फिटर उद्या येतोय. आत जाणार असशील तर दारात काहीतरी अडकव. आणि माझा कोट घे."

"दोन मिनिटांचं काम आहे रे मामा."

"दोन मिनिटांचीच सगळी कामं असतात," तो म्हणाला, आणि कॉम्प्रेसरकडे गेला.

मी दारात एक प्लास्टिकचा क्रेट आडवा ठेवला. लॅपटॉप आणि मोबाइल बाहेर स्टुलावर ठेवले. बोळात चिटपाखरू नव्हतं. सगळे जेवायला गेले होते.

खोली रिकामी होती. लोखंडी रॅक, वर पिवळा दिवा, फरशीवर पिठासारखा बर्फ. पेटी आतल्या भिंतीवर. दारापासून वीस पावलं.

मी वीस पावलं गेले.

मागे... दार लागलं.

आपटलं नाही. हळूच लागलं. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावतात ना, तसं.

धावत गेले. ढकललं, खांदा लावला, लाथा घातल्या. हातभर जाडीचं दार. माझा आवाज त्यात शिरायचा आणि तिथेच संपायचा.

ठीक आहे, मी स्वतःला म्हटलं. बटण आहे ना. त्यासाठीच तर आहे.

दाबलं.

"निरोप मिळाला. घाबरू नका. मदत येत आहे."

माझाच आवाज. किती प्रेमळ.

मी वाट पाहिली. शंभर आकडे मोजले. एव्हाना मामाचा मोबाइल वाजला असेल. तो उठला असेल. बोळ पार केला असेल...

कुणी आलं नाही.

पुन्हा दाबलं. "निरोप मिळाला. घाबरू नका..."

बोटांची टोकं दुखायला लागली. मग दुखायची थांबली, आणि ते जास्त वाईट होतं.

तिसऱ्यांदा दाबलं. "निरोप मिळाला..."

आणि मला आठवलं.

गुरुवारी दोन वाजता दमानं नवीन प्रोग्राम चढवतो. जेवणाच्या वेळी कुणाला त्रास नको, म्हणून. नवीन नीट बसेपर्यंत तो उठतो, पडतो, उठतो, पडतो. उठला की पहिलं काम काय करतो? चिठ्ठी उचलतो. आणि पोच देतो.

मग पडतो.

माझ्या तीन चिठ्ठ्या. तिन्ही उचलल्या गेल्या, तिन्हींना पोच मिळाली. रांग रिकामी. जगात कुणालाही खबर नाही, की चार नंबरमध्ये एक बाई उभी आहे. मीच बंद केला होता तो रस्ता. एका ओळीत.

आणि भिंतीतून माझाच आवाज मला सांगत होता, घाबरू नका.

मी भिंतीला टेकून खाली बसले. दिवा चालू होता. गेला असता तर बरं झालं असतं, कारण मग मला ते दिसलं नसतं.

रडं येऊ नये म्हणून मी श्वास रोखून धरला होता. माझ्या तोंडातून वाफ निघत नव्हती.

पण वाफ दिसत होती...

शेवटच्या रॅकमागे. थोडी. थांबून. पुन्हा थोडी.

आणि मग ऐकू आलं. आधी वाटलं पंखा असेल. पंख्याला सूर नसतो. ते गुणगुणणं होतं, अगदी बारीक.

*थांब, आलो रे गड्या... नाकी गोठलंय पाणी...*

थांबलं. पुन्हा.

*थांब, आलो रे गड्या...*

मामाने सांगितलं होतं तेव्हा मी या ओळीला खळखळून हसले होते. इथे ती ऐकताना माझे दात वाजत होते. ती थट्टा नव्हतीच. ते उत्तर होतं. तीन वर्षं एक माणूस उत्तर देत बसला होता.

प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

भीती होती, नाही कशाला म्हणू? पण त्या भीतीच्या तळाशी एक लाज होती. रोज दोन दहाला त्याने मलाही हाक दिली होती. आणि मी ती पुसली होती. दार न उघडता, आत न बघता.

माझे ओठ हलत नव्हते. तरी मी म्हटलं. गायला येत नाही मला. जसं जमलं तसं म्हटलं.

"दार लावतो गड्या... आत राहिलं का कोणी?"

गुणगुणणं थांबलं.

इतकी शांतता मी पुन्हा कधी ऐकलेली नाही. पंखाही थांबला होता.

मग फरशीवरच्या बर्फावरून कुणीतरी चालत आलं. करकर... करकर... माझ्यासमोरून गेलं. माझ्या अंगावरून गेलं ते वारं उणे अठराचं नव्हतं. ते कोमट होतं, खूप वेळ बंद मुठीत धरलेल्या वस्तूसारखं.

भिंतीतल्या पेटीचा हिरवा दिवा लागला. मी बटणाला हात लावला नव्हता.

पेटी काहीच बोलली नाही. नुसता दिवा लागला. आणि विझला.

दार उघडलं.

मामा होता. अनवाणी. धावताना त्याच्या चपला बोळात राहिल्या होत्या. त्याने मला उचललं, कोटात गुंडाळलं, आणि लहानपणी पडल्यावर म्हणायचा तसं म्हणत राहिला, "काही नाही झालं चिमणे, काही नाही झालं." मात्र बघत होता तो माझ्या डोक्यावरून. आत.

दारातला क्रेट जागेवर नव्हता. तो बोळाच्या टोकाला होता, बाकीच्या क्रेटांवर नीट कड जुळवून रचलेला.

"असं कड जुळवून एकच माणूस रचायचा," मामा म्हणाला.

संध्याकाळी दवाखान्यातून घरी आल्यावर मी नोंदी उघडल्या. माझ्या तिन्ही चिठ्ठ्या सापडल्या. तिन्हींना पोच, आणि फोन एकीचाही नाही. मला वाटलं होतं तसंच.

मग मामा ज्याच्यामुळे धावत आला, तो त्याचा मोबाइल वाजला कसा?

मी तो मागून घेतला. निरोपाचा नंबर पाहिला. तो माझा नव्हता. बेवारस पेटीत पहिल्या दिवशी आलेली चिठ्ठी होती ती, मी पुसलेली. ती परत रांगेत टाकावी लागते. हाताने. दमानंने आईची शपथ घेऊन सांगितलं, की त्याने टाकली नाही. मी तर आत होते.

"तारीख चुकीची आहे बघ," मी मामाला दाखवलं. "तीन वर्षांपूर्वीची."

मामाने ती तारीख वाचली. मग मोबाइल हळूच पालथा ठेवला.

"चुकीची नाही."

मी त्याच्याकडे वळले.

"त्या दिवशी दार उघडं दिसलं मला," तो म्हणाला. "गारवा वाया जात होता. भूक लागली होती. म्हटलं, आत कोण असणार या वेळी... गायलो नाही, चिमणे. दोन मिनिटांचं काम, म्हणून लावून टाकलं."

एवढं बोलायला त्याला तीन वर्षं लागली होती. मी त्याचा हात धरला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तो हात गार होता.

ती ओळ मी त्याच रात्री दुरुस्त केली. उलट जास्तच कडक केली. आता नुसता फोन वाजून भागत नाही. कुणीतरी जायचं, दार उघडायचं, आतला माणूस डोळ्यांनी बघायचा, तो बाहेर आला की मगच पोच. तोवर निरोप मरणार नाही. फोन दहादा वाजला तरी चालेल. वॉचमनकाका आता काही बोलत नाहीत.

चार नंबर मालकांनी पुन्हा बंद केला. वायर काढली. पेटीही काढली, ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.

गुणगुण्याची चिठ्ठी त्यानंतर आली नाही. त्याला पोच मिळाली.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती.

शुक्रवारी, दोन वाजून दहा मिनिटांनी... मामाचा मोबाइल वाजला.

खोली क्रमांक चार. बटण दाबले.

एकामागून एक तीन चिठ्ठ्या. नंबर मी लगेच ओळखले. ते माझे होते. ज्यांना पोच मिळाली होती, ज्या कधीच परत येऊ शकत नाहीत, त्या.

मामा गेला. दार उघडलं. आत कुणी नव्हतं.

शनिवारी पुन्हा. रविवारी पुन्हा. आज चार महिने झाले. रोज मामा जातो, दार उघडतो, आत बघतो. माणूस दिसत नाही. आणि माणूस बाहेर आल्याशिवाय पोच देता येत नाही. नियम मीच लिहिलाय. पुसून टाकायची सोय आहे, पण ते आता माझ्याने होणार नाही.

परवा मी मामाला विचारलं, "दार लावण्याआधी गातोस ना?"

"रोज."

"आणि?"

तो माझ्या उजव्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्या दुपारपासून तो अंगठा पांढरा आहे, काही केल्या त्यात ऊब येत नाही.

"उत्तर येतं," मामा म्हणाला. "पण आवाज त्याचा नसतो गं..."

आत्ता दोन वाजून सहा मिनिटं झाली आहेत.